फोटोची मागची बाजूही जपणारा स्टुडिओ

२०१९ च्या पुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली (धोका पातळी ४३), तेव्हा कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पाणी शिरलं आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातला अल्बम भिजला. फोटो एकमेकांना चिकटले. मी ओढायला गेले तर दोन फोटोंतले चेहरेच सोलून निघाले. उरलेला गठ्ठा तसाच ठेवला होता, तो यंदा महाद्वार रोडजवळच्या बोळातल्या एका स्टुडिओत नेला.

तिथल्या दादांनी गठ्ठा साध्या थंड पाण्यात ठेवला आणि एकेक फोटो आपसूक सुटू दिला. अठ्ठावीस वाचले. मग स्कॅनरपाशी थांबून म्हणाले, "काकू, मागं लिवलंय, ते बी घ्यायचं न्हवं?" त्यांनी मला तिथंच जिंकलं. आधीच्या दुकानात मागची बाजू कुणी बघितलीही नव्हती.

वडील शाईनं लिहायचे, त्याचा निळा डाग झालाय. आईची पेन्सिल मात्र जशीच्या तशी. एका फोटोत आई आणि आत्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या (जुनं नाव पॅलेस थिएटर) पायऱ्यांवर उभ्या आहेत. मागे आईचं अक्षर : "पॅलेस थिएटर. वन्संच्या पायात माझ्या चपला." आई अनवाणी आहे, हे मला त्या ओळीमुळं दिसलं. इतकी वर्षं फोटो बघत होते, पाय कधी बघितलेच नव्हते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नाट्यगृह जळालं, त्या दिवशी हाच फोटो आठवला होता.

स्टुडिओनं छापून दिलेल्या फोटोबुकात आता डाव्या पानावर आईचं अक्षर, उजव्या पानावर फोटो. छपाई सुरेख, काळा रंग कुठं करपलेला नाही. स्कॅनिंगचे फोटोमागे २५ रुपये, पाठीमागचे वेगळे लावले नाहीत.

तक्रार एकच, पण मोठी. पहिल्या प्रुफात (छपाईआधीच्या नमुन्यात) प्रत्येक फोटोखाली नक्षीदार अक्षरांत 'आनंदाचे क्षण' टाकलं होतं, आजोबांच्या तेराव्याच्या फोटोखालीसुद्धा! शिवाय मी दिलेली नावं जुन्या फॉन्टमधून दुसऱ्या मशीनवर गेली आणि जोडाक्षरं फुटली. दोन्ही दुरुस्त करून दिलं, कुरकुर केली नाही. तरी मजकूर युनिकोडमध्ये (मशीन बदललं तरी अक्षरं तीच राहतात त्या पद्धतीत) टाइप करून न्या आणि प्रूफ स्वतः वाचा.

पंधरा दिवस लागतात. गणपतीच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा ते बॅनरच्या कामात असतात.