मनोविकाराचा बचाव की खटला थांबवण्याचा अर्ज?

मनोविकार असलेला मुलगा कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात असलेल्या एका काकूंनी कसबा बावड्यात कोर्टाबाहेर विचारलं, "वकील दोन वाटा सांगतात. कुठली धरू?"

पहिली वाट मनोविकाराच्या बचावाची: भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४. इथं बघायचं ते घटनेच्या क्षणाचं: आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे त्याला कळत होतं का? सिद्ध करायचं ओझं आरोपीवर. नुसत्या निदानानं भागत नाही. घटनेच्या आगंमागंचे केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, शेजाऱ्यांची साक्ष लागते. काकू, जुनी चिठ्ठी एकही टाकू नका! आणि निर्दोष ठरला तरी थेट घरी येईलच असं नाही. कोर्ट त्याला उपचारांसाठी ताब्यात ठेवू शकतं किंवा हमी घेऊन नातेवाइकांकडे सोपवतं.

दुसरी वाट खटला थांबवण्याच्या अर्जाची: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा, त्याची कलमं ३६७-३६८. प्रश्न आजचा. बचाव करण्याइतकं भान नसेल, तर डॉक्टरी तपासणीनंतर खटला थांबतो. बरा झाला की पुन्हा सुरू. यात वर्षं जातात, याची मला फार धास्ती वाटते.

आज वकिलाशी बोलताही येत नसेल, तर आधी दुसरी. आज सावरलाय, पण तेव्हा भान नव्हतं आणि कागद आहेत, तर पहिली. दुसरीनं पहिलीचा हक्क जात नाही.