जुन्या ऑस्ट्रेलियन बोलीच्या अभ्यासासाठी 'ट्रोव्ह'

एकोणिसाव्या शतकातील ग्रामीण ऑस्ट्रेलियाची बोली समजून घेऊ इच्छिणाऱ्याने शब्दकोशाआधी तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाची 'ट्रोव्ह' ही विनामूल्य ऑनलाइन सेवा उघडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बेंडिगो, वॉगा वॉगा, लिस्मोर अशा गावांतून निघणाऱ्या वृत्तपत्रांची मूळ पाने येथे वाचता येतात आणि राज्य, वृत्तपत्र व काळ यांनुसार शोध मर्यादित करता येतो.

'सनडाउनर' हा शब्द घ्या. दिवसाचे काम संपल्यावर, नेमका सूर्यास्ताच्या सुमारास मेंढ्यांच्या मळ्यावर पोहोचून शिधा मागणारा हा भटका बातम्यांत, न्यायालयीन वृत्तांतांत आणि वाचकांच्या पत्रांत शोधता येतो, आणि त्याच्याकडे समाज कोणत्या नजरेने पाहत होता हे संदर्भासह उमगते, जे कोशातील एका ओळीत मावणे शक्य नाही. नवख्या स्थलांतरिताला 'न्यू चम' आणि लहान शेतकऱ्याला 'कॉकी' का म्हणत, याचाही माग असाच काढता येतो.

झिजलेल्या छपाईचे यंत्रवाचन (संगणकाने पानावरील अक्षरे ओळखून मजकूर तयार करणे) अनेकदा चुकते, त्यामुळे शब्द छापलेला असूनही शोधात सापडत नाही. मात्र कोणत्याही वाचकाला हा यंत्राने वाचलेला मजकूर दुरुस्त करता येतो, ही सोय मला फार मोलाची वाटते. बहुतेक वृत्तपत्रे 1954 पर्यंतचीच आहेत. आदिवासी आणि चिनी लोकांविषयीचे अपमानास्पद शब्दही जसेच्या तसे समोर येतात, याची वाचकाने मनाची तयारी ठेवावी.