टीएमबी की ओत रूट? आल्प्समधला मोठा ट्रेक ठरवताना

आल्प्सला जायचं हे नक्की आहे, सुट्टीचा अंदाज आलाय आणि गाडी ‘टूर द्यू माँ ब्लाँ (टीएमबी, म्हणजे फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असा माँ ब्लाँ पर्वताभोवतीचा फेरा) की शामोनी ते झेरमाट (म्हणजेच ओत रूट)’ इथे अडलीय, अशा मंडळींसाठी हा आढावा. ओत रूट म्हणजे इथे हिमनदीवरची दोर आणि क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी काटे) लागणारी वाट नव्हे, पायी चालणाऱ्यांची वाट. मी स्वतः हीच निवडली, तेव्हा माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून ठेवतो.

अंतरावरून निवड करू नका. टीएमबी 170 किलोमीटरच्या आसपास, दहा-अकरा दिवस. ओत रूट 200 च्या घरात, बारा ते चौदा दिवस. खरा फरक पायाखालच्या जमिनीत आहे. टीएमबीची वाट बहुतेक ठिकाणी मळलेली, रुंद. सगळ्यात उंच जागा 2,665 मीटर, तीही कोल दे फूर किंवा फनेत्र दार्पेत हे पर्यायी मार्ग घेतले तरच. ओत रूटवर खिंडी वारंवार 2,900 च्या वर जातात आणि मोंफोर हट ते प्राफ्लरी हट (हट म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर) हा सहा-सात तासांचा टप्पा बराचसा मोठमोठ्या धोंड्यांतून आहे. तिथे पायवाट अशी नसतेच, दगडांवरच्या पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्या शोधत जायचं. धुकं आलं की पुढची पट्टी दिसत नाही. ताजा बर्फ पडला तर सगळ्याच पट्ट्या झाकल्या जातात, आणि लोक चुकतात ते इथेच. स्विसटोपोचा (स्वित्झर्लंडच्या सरकारी नकाशा खात्याचा) नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवलेला नसेल तर खराब हवेत हा टप्पा करू नये.

दुसरी अवघड जागा आरोला गावाच्या अलीकडची. इथे दोन वाटा आहेत: पा द शेव्रच्या लोखंडी शिड्या, नाहीतर रिडमाटन खिंडीची घसाऱ्याची नाळ. उंचीची भीती नसेल तर माझ्या मते शिड्या बऱ्या. काठ्या घडी करून सॅकच्या आत टाका, बाहेर लोंबणारी चटई, बाटली काढा, छातीचा पट्टा आवळा. एका शिडीवर एकच माणूस. रिडमाटनच्या नाळेत वरच्यांच्या पायाखालून दगड सुटतात. पुढचा गट वर पोचेपर्यंत बाजूला थांबायचं, थेट खाली उभं राहायचं नाही.

एवढं वाचून टीएमबी सोपी वाटेल, आणि चालायला ती सोपी आहेही. पण माझा निर्णय झाला तो तिच्या बुकिंगमुळे.

टीएमबीवर मुक्कामांची साखळी महिनोन्‌महिने आधी जुळवावी लागते. बोनात्ती, एलिझाबेत्ता, मोते यांसारख्या हट्सच्या जुलै-ऑगस्टच्या जागा हिवाळ्यातच भरायला लागतात. एक हट मिळाली नाही की आधीचा आणि नंतरचा टप्पा बदलतो, तो बदलला की पुढच्या हटची तारीख चुकते. हे कसंबसं जुळवलं तरी खरा त्रास पुढेच असतो. समजा ले शापियला मुक्काम आहे आणि दुसऱ्या दिवशी सेन्य खिंडीवर (2,516 मीटर) विजांचा अंदाज आहे. शहाणपण थांबण्यात आहे. पण थांबलात तर एलिझाबेत्ताची खाट गेली, आगाऊ भरलेले पैसे बहुधा गेले, आणि त्यापुढची प्रत्येक रात्र एक दिवसाने सरकली. त्या आठवड्यात कुठेच जागा नसते. मग माणसं पाऊस-विजांत खिंडीकडे निघतात, केवळ बुकिंग वाया जाऊ नये म्हणून. डोंगरात निर्णय हवेने घ्यावा, खाटेने नव्हे, असं मला वाटतं. तंबू हा उपाय फारसा चालत नाही, कारण इटलीच्या बाजूला, आओस्ता खोऱ्यात, 2,500 मीटरच्या खाली उघड्यावर तंबू ठोकायला मनाई आहे. त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे कुरमायरला दोन-तीन रात्री एकाच ठिकाणी राहून उन्हाळी बसने व्हेनी आणि फेरे या खोऱ्यांत ये-जा करायची.

ओत रूटवरही अडणाऱ्या जागा आहेत, पण त्या मोजक्या: प्राफ्लरी, ग्रूबन (मुक्कामाची सोय जवळजवळ एकच) आणि युरोपाहट. बाकी आरोला, लेझ ओदेर, झिनाल ही गावं आहेत, तिथे पिवळी पोस्टबस येते. हवा बिघडली तर धोंड्यांच्या टप्प्याआधीच्या ल शाब्ल गावाहून रेल्वेने मार्तिन्यी, सिऑन आणि पुढे बसने आरोला. तो टप्पा वगळून अर्ध्या दिवसात तुम्ही पुन्हा आपल्या वेळापत्रकावर. झिनालहून ग्रूबन जमलं नाही तर बसने सिएर, मग रेल्वेने फिस्पवरून सांक्ट निकलाउस. झेरमाटकडे जाणारी शेवटची डोंगरवाट, युरोपावेग, दरडींमुळे अधूनमधून बंद होतो, तेव्हा खालून रेल्वे थेट झेरमाटला जाते. त्या वाटेवरचा, 2017 मध्ये सुरू झालेला 494 मीटरचा झुलता पूल मात्र तेवढ्यापुरता हुकतो.

दिवस कमी आहेत म्हणून टीएमबी घेत असाल तर एक गोष्ट पाहा. शामोनी ते शांपे हे पहिले तीनेक दिवस दोन्ही मार्गांना बरेचसे सामाईकच आहेत. ते सोडून ल शाब्लपासून सुरुवात केली तर ओत रूट दहा-अकरा दिवसांत बसतो. कोल द बाल्मवरून दिसणारं माँ ब्लाँ जातं, हे नुकसान खरं आहे.

खर्च ओत रूटला जास्त, यात वाद नाही. स्विस फ्रँक खिशाला लागतात. हटमध्ये लायनर (झोपायची पातळ चादर-पिशवी) सक्तीचा असतो. शाकाहारी जेवण बुकिंग करतानाच कळवा, संध्याकाळी सहाला सांगून उपयोग नाही. विमा घेताना हेलिकॉप्टर सुटका आणि उंचीची मर्यादा दोन्ही वाचा. स्वित्झर्लंडमध्ये सुटकेचं बिल तुमच्याच नावावर येतं. ओत रूट ज्यातून जातो त्या व्हाले कँटनमध्ये (स्विस प्रांतात) मदतीचा नंबर 144. व्हिसा जिथे जास्त रात्री त्या देशाचा, म्हणजे ओत रूटला स्वित्झर्लंडचा. टीएमबीला रात्री मोजून बघाव्या लागतात.

आपल्याकडच्यांना एक अडचण दोन्हीकडे सारखीच: आल्प्सचा मोसम सह्याद्रीच्या पावसात येतो, त्यामुळे सराव एप्रिल-मेच्या उन्हात करावा लागतो. ओत रूटसाठी चढापेक्षा भरल्या सॅकने लांब उताराचा सराव जास्त करा. ग्रूबनकडून आउग्स्टबोर्ड खिंड ओलांडली की सांक्ट निकलाउसपर्यंत जवळजवळ 1,800 मीटर उतरायचं असतं आणि गुडघे तिथे बोलायला लागतात.

गटात कोणी पहिल्यांदाच सलग आठवडाभर चालणार असेल, किंवा शिड्या-धोंडे नकोच असतील, तर टीएमबी घ्या. फक्त जुलै-ऑगस्ट टाळून सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा. ओत रूट घेतलात तर जुलैच्या मध्याआधी नको, वरच्या खिंडींत बर्फ असतो. आधी प्राफ्लरी, ग्रूबन आणि युरोपाहटच्या तारखा पक्क्या करा, त्यांच्या मध्ये एक मोकळा दिवस ठेवा, आणि मगच विमानाचं तिकीट काढा.