टाकळा, तरवड, बाहवा, सोनामुखी: तयार स्लाइड-संच घ्यावा का?

ठाणे स्टेशनाजवळ प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या एका दुकानात या चार वनस्पतींच्या खोडाच्या आणि पर्णिकेच्या (संयुक्त पानातल्या छोट्या पानाच्या) आडव्या छेदांचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आठ स्लाइडचा संच मिळतो. नुसत्या ऊती ओळखायला चांगला. तुलनेसाठी घेणार असाल तर जरा थांबा.

रंगकाम नेटकं आहे. जलवाहिन्या आणि रसवाहिनीबाहेरच्या तंतूंच्या टोप्या सॅफ्रॅनिन या रंगाने लाल, रसवाहिनी फास्ट ग्रीन या रंगाने हिरवी. तरवडाची स्लाइड मात्र दुधाळ दिसते. अल्कोहोलमधून पाणी पूर्ण न काढता डीपीएक्स (छेदावर काच चिकटवायचं राळेसारखं द्रव्य) लावलं की असंच होतं. ती बदलून मागा.

खरी गोची वयाची. टाकळ्याचा छेद कोवळ्या पेऱ्याचा: कोपऱ्यांत कोलेन्कायमा (कोवळ्या भागाला आधार देणारी ऊती), जलवाहिन्या-रसवाहिन्यांचे वाहक पूल सुटे सुटे. बाहव्याचा जून फांदीचा: लाकडाचं सलग कडं, वर कॉर्क. दोन्ही शेजारी ठेवून वहीत जो फरक उतरतो, तो वयाचा, जातीचा नव्हे. चौघांचंही शेंड्यापासून चौथं पेरं कापायला हवं होतं. लेबलवर पेऱ्याचा उल्लेखच नाही.

पानांत सोनामुखीची स्लाइड पैसे वसूल करते. पॅलिसेड (उभ्या, दाट रचलेल्या पेशींचा थर) वरही आणि खालीही, जाड भिंतीचे खरबरीत एकपेशीय केस, शिरेच्या तंतूंलगत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. शेजारी टाकळा ठेवा: पॅलिसेड फक्त वर, खाली स्पंजी, म्हणजे मोकळ्या जागा असलेली ऊती.

लेबलांवर चौघंही कॅसिया या प्रजातीतले (जीनसमधले). 1982मध्ये अर्विन आणि बार्नबी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यातून सेन्ना हा जीनस वेगळा काढला, तेव्हापासून यातला बाहवाच काय तो कॅसिया. टाकळ्याच्या खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये मधुग्रंथी असते, बाहव्याला नसते. पर्णिका धरणाऱ्या देठाचा एक छेद संचात असता तर टाकळा-बाहव्यातला हा फरक डोळ्यांना दिसला असता.

रंध्रांसाठी (पानाच्या त्वचेवरच्या सूक्ष्म छिद्रांसाठी) संच निरुपयोगी. छिद्राच्या दोन बाजूंच्या रक्षकपेशींना समांतर असलेल्या दोन सहाय्यक पेशी वरूनच दिसतात, आडव्या छेदात नाही. पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या वाटेवर टाकळा मुबलक असतो. पर्णिका तिरकी फाडून खालची त्वचा सोलायची, सॅफ्रॅनिनचा थेंब, धुऊन ग्लिसरिन, मग 400 पट मोठं करून पाहायचं. रंध्रांसाठी त्वचेवर नेलपॉलिश लावून काढतात तो ठसा सोनामुखीवर घेऊ नका. केसांत अडकून फाटतो.