ब्लूबेरीचं ‘खास मिश्रण’ कुंडीत भरण्याआधी हे वाचा

कुंडीत ब्लूबेरी लावण्यासाठी मी ऑनलाइन एक संच मागवला होता. फळं लागलेलं रोप आणि सोबत ‘खास आम्लधर्मी मिश्रणा’ची मोठी पिशवी. विकणाऱ्याने फोनवर छातीठोकपणे सांगितलं, “मिश्रणाचा पीएच पाच आहे आणि हे रोप कुठल्याही हवेत वर्षभर फळतं.” दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. (पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा; सातपेक्षा जितका कमी, तितकं जास्त आम्लधर्मी.) आणखी कुणाचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

रोप खरंच ब्लूबेरीचं होतं, म्हणून तर शंका आली नाही. फळाच्या टोकाला तो ओळखीचा मुकुट होता, सालीवर निळसर पांढरा मेणासारखा पातळ थर होता. ती फळं संपली आणि नवी पालवी आली ती पिवळट, शिरा तेवढ्या हिरव्या. हे लोह न मिळाल्याचं लक्षण. ब्लूबेरीला साधारण ४.५ ते ५.५ पीएचची माती लागते. त्यापेक्षा पीएच बराच वाढला की मातीत लोह असूनही रोपाला ते घेता येत नाही.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, “ताई, कॅल्शियम कमी पडतंय,” आणि पांढऱ्या पावडरीचं पाकीट वेगळे पैसे घेऊन पाठवलं. पावडर टाकल्यावर पानं कडेने करपायला लागली.

बागकामातल्या एका जाणत्या मैत्रिणीने सांगितलं, उरलेल्या मिश्रणावर व्हिनेगर ओतून बघ. ओतलं तर फसफसून फेस आला. म्हणजे त्यात चुनखडी होती, आणि ती पीएच वाढवते. आम्लधर्मी मिश्रणात असा फेस येण्याचं कारणच नाही. मग थोडं मिश्रण डिस्टिल्ड पाण्यात कालवून पीएचची पट्टी बुडवली, ती साडेसातच्या वर गेली. पावडरीवर व्हिनेगर टाकल्यावर तर आणखी जोरात फेस आला. ज्याने रोप मरत होतं, तेच या माणसाने औषध म्हणून विकलं. याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

रोपाची जात कोणती, हे तो शेवटपर्यंत सांगेना. “ब्लूबेरी म्हणजे ब्लूबेरी” एवढंच. पण सगळं जातीवरच तर अवलंबून असतं! ब्लूक्रॉप, ड्यूक यांसारख्या जातींना फळायला थंडीचे आठशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त तास लागतात, म्हणजे तापमान सुमारे सात अंशांच्या खाली असलेले तास. मिस्टी, बिलॉक्सी, सनशाइन ब्लू यांना त्यामानाने फार कमी थंडी पुरते. उबदार हवेत पहिल्या गटातलं रोप जगलं तरी फळेलच असं नाही. म्हणून जातीचं नाव लेखी मागा. ते द्यायला टाळाटाळ झाली तर रोप घेऊ नका. बियांची पाकिटं विकून काही महिन्यांत फळं देण्याचं वचन देणारेही आहेत. बियांपासून फळ यायला काही वर्षं जातात, आणि फळ मूळ जातीसारखं येईलच याचा भरवसा नसतो.

पैसे परत मागितले तेव्हा “मुदत संपली” म्हणाला आणि नंबर ब्लॉक केला. रक्कम त्याने थेट स्वतःच्या खात्यावर घेतली होती, त्यामुळे ज्या साइटवर जाहिरात होती त्यांनी हात वर केले. मिश्रण काढून मुळं पाण्याने हलकेच धुतली आणि रोप पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं, आम्लधर्मी शेवाळ) व झाडाच्या सालीच्या तुकड्यांत पुन्हा लावलंय. पाणी पावसाचं साठवलेलं देते. नवी पानं हिरवी येताहेत, पण करपलेल्या फांद्या छाटाव्या लागल्या. त्या माणसाची जाहिरात नाव बदलून अजून चालू आहे. फोटो तोच आहे आणि मिश्रणाची पिशवीही तीच.