वायरलेस कीबोर्ड-माऊस संच: वर्षभराच्या रोजच्या वापरानंतर

दुकानातल्या खोक्यावर जे मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, त्यातलं फारसं काही रोजच्या वापरात उपयोगी पडत नाही. संच बरा की वाईट हे ठरतं ते डोंगल (संगणकाच्या यूएसबी पोर्टात बसवायचा छोटा रिसीव्हर) कुठे लावलाय, सेल कुठले घातलेत आणि उजव्या कडेची बटणं किती मोठी आहेत, यावर. इथे ज्याबद्दल लिहितो आहे तो हजार-बाराशे ते दीड हजारांत मिळणारा नेहमीचा संच: नंबर पॅडसकट पूर्ण कीबोर्ड, त्यात रिमोटला लागतात ते बारीक ट्रिपल ए सेल दोन, माऊसमध्ये डबल ए एक, आणि दोघांना मिळून नखाएवढा एकच डोंगल. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक संचांची आतली रचना सारखीच असते आणि दुखणीही सारखीच.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती माऊस अडखळण्याची. डोंगल 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो. त्याच पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ, शेजारचा मायक्रोवेव्ह असे सगळे असतात, पण खरा चोर बहुतेक वेळा बाजूच्याच पोर्टमध्ये बसलेला असतो. यूएसबी 3.0 चा डेटा वाहताना त्याचा विद्युत गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. इंटेलने 2012 मध्ये यावर स्वतंत्र टिपण काढलं होतं. निळ्या पोर्टात हार्ड डिस्क आणि तिला चिकटून डोंगल, अशी मांडणी असेल तर माऊस अडखळणारच.

तपासायची पद्धत सोपी आहे. विंडोजमधलं चित्रं काढायचं पेंट उघडा, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एखादी मोठी फाइल कॉपीला लावा आणि माऊसने सावकाश गोल काढत राहा. सिग्नल नीट असेल तर गोल गोलच येतो. पॅकेट, म्हणजे माऊसचे निरोप, वाटेत गळत असतील तर रेघ मध्येच सरळ जाते आणि गोलाचा षटकोन होतो. उपाय म्हणजे अर्धा-एक मीटरची साधी यूएसबी 2.0 एक्स्टेन्शन वायर. डोंगल टेबलावर, माऊसपासून हातभर अंतरावर आणायचा. डेस्कटॉप टेबलाखाली असेल आणि डोंगल मागच्या पोर्टात असेल, तर मध्ये कॅबिनेटचा अख्खा पत्रा येतो, तिथे ही वायर लागतेच. काही कंपन्या ती खोक्यातच देतात आणि लोक ती निरुपयोगी समजून फेकून देतात! शिवाय लॅपटॉपचं वायफाय जमत असेल तर 5 गिगाहर्ट्झवर टाका, तेवढी गर्दी कमी होते.

कीबोर्डवर हाच दोष वेगळ्या रूपात दिसतो. एक अक्षर दाबलं आणि ‘कककककक’ अशी रांग लागली, तर बहुतेक वेळा बटण अडकलेलं नसतं. बटण दाबल्याचा निरोप पोचला, सोडल्याचा वाटेत हरवला, आणि संगणकाला वाटतं बोट अजून तिथेच आहे. सेल उतरत आले की असं जास्त होतं. त्यामुळे कीबोर्ड उघडायच्या आधी सेल बदलून बघावेत.

सेलबद्दल थोडं सविस्तर. माऊसचा सेल साधारण चार-पाच महिन्यांत संपतो, कीबोर्डचे वर्षभर सहज जातात. माऊसच्या पोटात दिवा आणि सेन्सर सतत काम करत असतात, कीबोर्ड मात्र बटण दाबलं तरच बोलतो. अल्कलाइन सेलच घ्यावेत. स्वस्त झिंक-कार्बन सेलचं जस्ताचं कवच हाच त्याचा एक ध्रुव असतो, वापरता वापरता तेच झिजतं आणि सेल पाझरतो. अल्कलाइनही संपल्यावर महिनोन्महिने आत राहिला तर पाझरू शकतो. स्प्रिंगवर पांढरा भुगा दिसला तर कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा, मग स्वच्छ ओल्या काडीने, आणि पूर्ण वाळल्याशिवाय नवा सेल घालू नका. चार्जिंगचे सेल चालतात, पण त्यांचा दाब 1.5 ऐवजी 1.2 व्होल्ट असल्यामुळे बॅटरीचा लाल दिवा लवकर लुकलुकायला लागतो, त्याला घाबरायचं कारण नाही. माऊस हाताला जड वाटत असेल तर लिथियमचा डबल ए घाला: अल्कलाइन साधारण 23 ग्रॅम, लिथियम 15 च्या आसपास. फरक बोटांना कळतो, खिशालाही.

आता टायपिंग. खाली रबराच्या टोप्या आणि त्याखाली प्लॅस्टिकच्या तीन पातळ शीट, असं हे मेम्ब्रेन कीबोर्डचं यंत्र. आवाज कमी, दाब मऊ, बोटांना फार सुख नाही आणि फार त्रासही नाही. काही मिनिटं हात उचलला की कीबोर्ड झोपतो, मग पहिलं अक्षर उशिरा येतं किंवा गिळलं जातं. पासवर्ड टाकण्यापूर्वी एकदा शिफ्ट दाबून त्याला उठवायची सवय लावून घ्या. सेल वाचवायला कॅप्स लॉकचा दिवाही काढून टाकलेला असतो, आणि पासवर्ड चुकण्याचं दुसरं कारण ते.

इन्स्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीत) मराठी टाइप करणाऱ्यांनी उजवी कड आधी बघावी. इंग्रजीवाल्यांना तिथली विरामचिन्हांची बटणं क्वचित लागतात, आपली मात्र अर्धी बाराखडी तिथेच. चौकटी कंसावर ड, अर्धविरामावर च, अवतरणचिन्हावर ट, तिरक्या रेघेवर य, उलट्या तिरक्या रेघेवर ॉ. ‘डॉक्टर’ लिहून बघा: सहा ठोक्यांपैकी तीन या कडेला पडतात. जागा वाचवण्यासाठी ज्या कीबोर्डवर ही बटणं बारीक केलीत किंवा उभ्या एंटरसाठी ॉ दुसरीकडे सरकवलाय, त्यावर ‘ऑफिस’, ‘कॉलेज’, ‘बॉल’ प्रत्येक वेळी बोट घसरतं. या संचावर ती पूर्ण आकाराची आहेत, आणि केवळ एवढ्यासाठी मी याला एक गुण जास्त देईन. फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे मराठी टाइप करणाऱ्यांना हे लागू नाही.

झीजही मराठीत वेगळी होते. इंग्रजी ई वर आपला काना आहे आणि डी वर हलन्त. बाकीची बटणं खरखरीत असताना ही दोन तुपाचं बोट लागल्यासारखी चकचकीत झाली आहेत. हे एबीएस प्लॅस्टिकचं नेहमीचं आहे, दोष नव्हे. देवनागरीचे पारदर्शक स्टिकर लावले तर याच दोन बटणांवरचे आधी सुटतात.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी वरची ओळ तपासूनच घ्यावी. एफ 5 पेमेंट, एफ 6 रिसीट, एफ 8 सेल्स ही बोटांत बसलेली गणितं. बऱ्याच संचांत तीच बटणं आधी आवाज कमी-जास्त करतात आणि एफ 5 साठी एफएन धरावं लागतं. काहींत एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की उलट होतं, काहींत होतच नाही. दुकानात दोन मिनिटांत कळतं. नंबर पॅड नसलेला संच अशा ठिकाणी बघूच नये. रुपयाचं चिन्ह चारच्या बटणावर छापलेलं असलं तरी विंडोजमध्ये कीबोर्डची भाषा इंग्लिश (इंडिया) सारखी भारतीय असेल तरच उजवा ऑल्ट आणि 4 दाबून ते उमटतं.

माऊस एक हजार डीपीआयचा (एक इंच हलवला की हजार ठिपके मोजणारा). कार्यालयीन कामाला पुरेसा. काचेच्या टेबलावर चालत नाही, चकचकीत सनमायक्यावर उडी मारतो, स्वस्तातलं रेक्झिनचं पॅड खाली टाकलं की शहाणा होतो. याचं खरं आयुष्य डाव्या बटणाच्या मायक्रोस्विचवर ठरतं. आतला पत्रा झिजला, गंजला की एका क्लिकला दोन क्लिक जातात. फोल्डर नुसतं निवडायचं असताना उघडतं, ओढून नेलेली फाइल मध्येच सुटते. संच वॉरंटीत असेल तर बदलून घ्या. नसेल तर तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली स्क्रू असतात, एखादा सेलच्या कप्प्यातल्या लेबलाखाली लपवलेला. तीन पायांचा स्विच पन्नासेक रुपयांच्या आत मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतो, मात्र सोल्डरिंग येत असेल तरच हात घाला.

चहा सांडला तर पहिल्यांदा सेल काढा, मग कीबोर्ड उलटा करा. साखर नसलेला चहा एकवेळ परवडला, साखरेचा चिकटा शीटमध्ये शिरला की सुटत नाही. बिघाड ओळखायची खूण अशी: एकच बटण बंद असेल तर त्याखाली कचरा आहे. विखुरलेली चार-सहा बटणं एकदम बंद पडली तर शीटवरची रेघ तुटली किंवा गंजली. कोकणातल्या दमट हवेत हे जरा लवकर होतं आणि त्यावर घरगुती उपाय नाही.

सुरक्षेचं एक सांगायला हवं. 2016 मध्ये बॅस्टिल या संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं, की अनेक कंपन्यांच्या वायरलेस माऊसचे डोंगल बाहेरच्या कुणी पाठवलेले बटण दाबल्याचे खोटे निरोप खरे समजून स्वीकारतात. त्याला माऊसजॅक म्हणतात. खोक्यावर निदान कीबोर्डसाठी 128 बिट एईएस (बटणांचे निरोप सांकेतिक करून पाठवायची पद्धत) लिहिलेलं असेल ते घ्यावं.

घेताना कीबोर्ड उलटा करून मागचं लेबल वाचा. वायरलेस कीबोर्ड बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) सक्तीच्या नोंदणीत येतात, म्हणून त्यावर आयएस 13252 आणि आर ने सुरू होणारा क्रमांक हवा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव निघतं, लेबलवरच्या नावाशी ते जुळलं पाहिजे. आणि माऊसच्या पोटात डोंगल ठेवायची खाच आहे ना, तेही बघून घ्या. या किमतीत डोंगल सुटा मिळत नाही, तो हरवला की दोन्ही वस्तू चालू अवस्थेत भंगारात जातात.