एनटीएससी टेप पॅलमध्ये आणताना: वेग बदलायचा की फ्रेम?

आमच्याकडे न्यू जर्सीच्या आत्याने पाठवलेल्या कॅसेटींचा एक खोका आहे. त्यातल्या एका मुंजीत आजोबा मंगलाष्टकं म्हणताना दिसतात. पहिल्यांदा तिची डीव्हीडी करून घेतली, तेव्हा सुरुवात नीट होती. शेवटाकडे मात्र अक्षता आधी पडायच्या आणि 'सावधान' मागून ऐकू यायचं. आजोबांचा तेवढाच आवाज आमच्याकडे उरला आहे, म्हणून मी हा विषय धसाला लावला. तुमच्याकडेही अशा टेपा असतील, तर कोणता मार्ग धरावा हे ठरवायला याचा उपयोग होईल.

एनटीएससी आणि पॅल ही टीव्ही-व्हिडिओची दोन मानकं. अमेरिकेतलं एनटीएससी म्हणजे ५२५ रेषा आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम. आपलं पॅल म्हणजे ६२५ रेषा आणि २५ फ्रेम. २९.९७ हा आकडा नीट लक्षात ठेवा. १९५३ साली तिकडे रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरलं, तेव्हा रंगाचा संकेत आवाजाच्या संकेताला बाधू नये म्हणून ३० चा वेग हजारात एका भागाने कमी केला. कुणी त्याला सरळ ३० धरलं, की तासाभरात चित्र आवाजाच्या ३.६ सेकंद पुढे जातं. आमच्या डीव्हीडीत नेमकं हेच झालं होतं.

पहिला मार्ग वेग बदलण्याचा. तो फक्त सिनेमासाठी. सिनेमा २४ फ्रेमचा असतो. तो २५ ने चालवला की प्रत्येक फ्रेम अखंड राहते आणि दोन तासांचा सिनेमा सुमारे ११५ मिनिटांत संपतो. आवाजही तेवढाच पळवावा लागतो आणि सूर चढतो: काळी एकमध्ये गाणारा गायक काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी जातो. सूर न हलवता लांबी बदलायची सोय एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरच्या एटेम्पो फिल्टरमध्ये आहे, ती वापरा. मात्र एनटीएससी टेपवर सिनेमा बसवताना काही फील्ड (फ्रेमच्या एकाआड एक रेषांचं अर्धं चित्र) दोनदा घेतलेली असतात. ती आधी काढून मूळ २३.९७६ फ्रेम (२४ चा वेगही तिथे हजारात एका भागाने कमी असतो) परत मिळवा, मगच वेग बदला.

घरगुती चित्रीकरणाला हा मार्ग लावलात, तर तासाभराची मुंज जवळपास ७२ मिनिटं चालेल. तिथे लांबी जशीच्या तशी ठेवायची आणि आवाजाला हातच लावायचा नाही. कॅमकॉर्डर सेकंदाला ५९.९४ फील्ड टिपतो आणि प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचं असतं. म्हणून आधी प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम करायची (त्यासाठीच्या फिल्टरांपैकी क्यूटीजीएमसी उत्तम, बीडब्ल्यूडीआयएफ चटकन होणारा), मग उंची, म्हणजे प्रत्यक्ष चित्राच्या रेषा, ४८० वरून ५७६ करायची, त्यातून सेकंदाला ५० निवडायच्या आणि शेवटी पुन्हा फील्ड विणून २५ फ्रेम करायच्या. ही पहिली पायरी गाळून थेट उंची वाढवली, तर हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारखे दाते येतात आणि ते नंतर निघत नाहीत.

५० फ्रेम मिळवायच्या कशा, यात खरी निवड आहे. साधारण दर सहावी फ्रेम गाळली, तर चित्र स्वच्छ राहतं, पण कॅमेरा फिरताना बारीक धक्के जाणवतात. शेजारच्या फ्रेम मिसळल्या, तर धक्के जातात आणि हातांना सावली येते. हालचालीचा अंदाज घेऊन नवीन फ्रेम बनवणारी पद्धत सर्वात गुळगुळीत. एमव्हीटूल्स हे प्लगइन किंवा एफएफएमपेगचा मिंटरपोलेट (minterpolate) फिल्टर हे काम करतात, पण वेळ खूप घेतात. शिवाय उडणाऱ्या अक्षता आणि तबल्यावरची बोटं यांचा त्यात लगदा होतो. धावत्या गाडीतून घेतलेल्या दृश्यांना ती शोभते. माणसांच्या चेहऱ्यांसाठी मी गाळण्याचीच पद्धत घेतो.

आणि बदल करायलाच हवा का, हे आधी बघा. आजचे बहुतेक टीव्ही पेनड्राइव्हवरची ५९.९४ ची फाइल सहज चालवतात. इथले बरेच डीव्हीडी प्लेअरही एनटीएससी डिस्क घेतात. फक्त पॅल चालणारं जुनं यंत्रच वापरायचं असेल, तर गोष्ट वेगळी. काहीही केलंत तरी टेपवरून उतरवलेली मूळ फाइल जपून ठेवा.

आवाज तपासताना सुरुवातीची आणि शेवटची अशी एकेक टाळी किंवा तबल्याची थाप शोधा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला, की प्रेक्षकाला ते कळू लागतं. पॅलची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे तीन फ्रेमचा उशीरही हद्दीवरच. दोन्ही टोकांना सारखाच फरक असेल, तर आवाज तेवढा सरकवा. फरक वाढत गेला असेल, तर कुठेतरी फ्रेमचा दर चुकला आहे. मधेच एका जागी उडी असेल, तर टेप उतरवताना फ्रेम गळल्या आहेत. तेव्हा सगळा आवाज ताणून जुळवायला जाऊ नका, टेपचा तेवढा भाग पुन्हा उतरवून घ्या.